त्याच कंपनीची तिसरी रायफल: ठेवायची की परत द्यायची

आधी थोडं मागचं

१० मीटरची एअर रायफल, ४.५ मिमी, सिलिंडरमध्ये २०० बार हवा भरायची तसली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझा अनुभव दोन नगांचा, आणि दोन नगांवरून कुणाची अब्रू काढण्यात अर्थ नाही.

पहिली रायफल: थोडा वेळ थांबून मारलं की पहिला शॉट वर. दरवेळी नाही, पण मॅचमध्ये हमखास. वर्षभर मी स्वतःच्या श्वासाला, खांद्याला, बुटांना दोष देत बसले. शेवटी सर्व्हिसला पाठवली, ११ आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी, "तपासली, दोष आढळला नाही". विकून टाकली.

दुसरी त्याच कंपनीची का घेतली? कारण पहिलीची नळी अफलातून होती आणि त्यांचा स्टॉक, म्हणजे खांद्याला लावायचा दस्ता, माझ्या आखूड मानेला जसा बसतो तसा दुसऱ्या कुणाचा बसत नाही. तिचं प्रेशर गेज गळायला लागलं, आणि एका मॅचमध्ये ४१व्या शॉटला ट्रिगरची दुसरी स्टेज, म्हणजे शॉट सुटायच्या आधी बोटाला लागणारा अडथळा, गायबच झाली, बोट टेकवलं आणि शॉट गेला, गुण ७.३. तीही विकली, तोट्यात. त्या दिवशी रेंजवर सगळ्यांसमोर म्हटलं होतं की या कंपनीची रायफल परत घरात आणणार नाही. तेव्हापासून क्लबची रायफल वापरतेय.

आता आमच्या रेंजवरचे काका त्यांची विकतायत. कंपनी तीच, मॉडेल नवं, चार वर्षं जुनी आणि त्यातली दोन वर्षं पेटीत पडून, कारण त्यांचा खांदा. म्हणाले, "अगं, सहा आठवडे घेऊन जा, बघ, नाही पटली तर परत दे." म्हणून या नोंदी.

२ सप्टेंबर, पहिला दिवस

पेटी उघडायच्या आधीच झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून तीन गोष्टी लिहिल्या, यातली एक जरी झाली तरी परत:

रात्रभर ठेवून पहिल्या शॉटचा वेग ३ मीटर पर सेकंदापेक्षा जास्त चढला तर.
आठवडाभरात हवा गळली तर.
ट्रिगर आपोआप बदलला तर.

आधी लिहायचं कारण म्हणजे मी स्वतःला ओळखते. रायफल खांद्याला बसली की मी तिची वकील होते.

मग वरवरची तपासणी. सिलिंडरची मुदत बघितली, अजून सहा वर्षं आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात मुदत सांभाळायची जबाबदारी नेमबाजाची आहे, विकणाऱ्याची नाही, त्यामुळे जुनी रायफल घेताना आधी हे बघा. नळीच्या तोंडावरून कापसाचा बोळा फिरवला, एक धागा अडकला नाही, म्हणजे कड शाबूत. स्टॉकचे स्क्रू तपासले, एक सैल होता. बास.

४ आणि ५ सप्टेंबर, माझी पहिली माती

हवा गळतेय का हे बघायला गेजवर भरवसा ठेवायचा नाही हे मला माहीत होतं. गेजचा काटा एवढासा, त्यावर ३-४ बार कळतसुद्धा नाहीत. त्यापेक्षा सिलिंडर काढून वजन करायचं. हवेला वजन असतं, साधारण २०० सीसीच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ४५ ग्रॅमच्या आसपास हवा मावते, म्हणजे एक बार गेला की साधारण पाव ग्रॅम कमी. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असला की झालं.

रात्री भरली, वजन ६१२.४ ग्रॅम, वहीत लिहिलं. सकाळी रायफलवर लावलेल्या गेजकडे बघितलं तर १९२. डोकंच फिरलं. काकांना मेसेज टाकला, लांबलचक, त्यात "मला माहीतच होतं" हे वाक्य दोनदा. पाठवलासुद्धा.

त्यांचं उत्तर तीन शब्दांचं. "वजन केलंस का?"

केलं. ६१२.३.

झालं असं की मी घाईघाईत भरली होती. पटकन भरलं की हवा दबून गरम होते, सिलिंडर हाताला कोमट लागत होता, आणि रात्रीतून गार झाल्यावर प्रेशर उतरलं. २०० बारला तापमान १० अंश उतरलं तर नुसतं त्यानेच ७ बारच्या आसपास उतरतात. हवा कुठेही गेली नव्हती. आधीच राग धरून बसलेल्या माणसाला गेज पण पुरावा वाटतो. काकांना सॉरी म्हटलं. त्यांनी अंगठा पाठवला.

(दुसऱ्या रायफलचं गळकं गेज मात्र खरंच गळत होतं, साबणाच्या पाण्यात बुडबुडे यायचे. पण तेव्हा मी तिथल्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी रिंगला, शिलाई मशीनचं तेल लावलं होतं हेही लिहून टाकते. असलं खनिज तेल हाय प्रेशर हवेच्या जागी कधीच लावायचं नाही, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं ते सोडाच, दाबलेल्या गरम हवेत ते पेटू शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही टाचणीच्या डोक्याएवढं. मला हे दोन वर्षं उशिरा कळलं.)

७ आणि ८ सप्टेंबर, क्रोनोग्राफ

क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. संध्याकाळी पाच शॉट, वेग मीटर पर सेकंदात: १७१.९, १७२.६, १७२.२, १७३.०, १७२.४. सुंदर. इतकं एकसारखं की मी फोटो काढला.

रात्रभर तशीच ठेवली, सिलिंडर लावलेला. सकाळी चार: १७९.३, १७४.८, १७२.९, १७२.५.

म्हणजे तेच दुखणं. रेग्युलेटर २०० बारचं प्रेशर कमी करून पुढच्या छोट्या कप्प्यात ठरावीक प्रेशरची हवा देतो, आणि तो नीट बंद झाला नाही तर थांबलेल्या वेळात थोडी थोडी हवा पुढे झिरपत राहते. त्या कप्प्यात प्रेशर चढलं की पहिला शॉट जोरात. आठ मिनिटं थांबूनही बघितलं, १७४.१.

७ मीटर पर सेकंद म्हणजे फार वाटत नाही ना? १० मीटरला पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, खाली पडतं ते १७२ च्या वेगाला १६.६ मिमी आणि १७९ ला १५.३, फरक १.३ मिमी. आपल्या कार्डावर एक रिंग म्हणजे २.५ मिमी आणि दशांशातला एक पॉइंट म्हणजे पाव मिमी, तेव्हा नुसत्या एवढ्यानेच पाच पॉइंट वर-खाली. १०.५ चा १०.० होतो आणि तुम्ही श्वासाला शिव्या देता. आणि खरी गंमत अशी की मॅचमध्ये माणूस लांब थांबतो कधी, तर जेव्हा आधीच काहीतरी बिनसलेलं असतं तेव्हा. बिनसलेल्या वेळी रायफल पण वेगळी मारते. वर्षभर मला हे का सापडलं नाही याचं उत्तर एवढंच, प्रॅक्टिसला मी धडाधड मारते, थांबतच नाही.

कागदावरच्या पहिल्या अटीप्रमाणे आज रायफल परत जायला हवी होती.

९ सप्टेंबर

नाही दिली. खरं सांगते, पळवाट काढली. कागदाखाली पेनाने लिहिलं, "दोन वर्षं पडून होती, सील जुनी, एकदा उघडून मगच." हे नियम बदलणं आहे हे मला कळतं. पण नुसती परत दिली असती तर मला एवढंच कळलं असतं की तिसरीही तशीच निघाली, आणि का तशी ते परत कळलंच नसतं. पहिल्या वेळी हेच राहून गेलं होतं.

सर्व्हिसला ईमेल, रेग्युलेटरचा सील किट हवा. मागचा अनुभव धरून मनात म्हटलं, दिवाळी ते दिवाळी.

११ सप्टेंबर

उत्तर आलं. दोन दिवसांत. सिरियल नंबर विचारला, बॅरलवरचा नाही, रेग्युलेटरवरचा. कुणालातरी फरक माहीत आहे म्हणायचा.

१५ सप्टेंबर, नुसती वाट बघणं

किट वाटेत. काम काहीच नाही म्हणून काकांशी गप्पा. माझं म्हणणं होतं कंपनी म्हणजे कंपनी, एकदा घाण केली की केली. ते म्हणाले, "कंपनी म्हणजे काय गं, नाव का कारखाना?"

मग त्यांनी अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीचं सांगितलं. त्या कंपनीची मॉडेल ७० ही शिकारीची रायफल, १९६४ साली खर्च वाचवायला तिची रचना बदलली, काडतूस बाहेरपर्यंत धरून ठेवणारा जुना पंजा काढला, लाकडावरची नक्षी हाताने कोरायची ती दाबून उठवायला लागले. लोक इतके चिडले की आजही जुन्या मालाला "प्री-६४" म्हणून वेगळा भाव मिळतो. जुन्या पद्धतीचा पंजा परत आला तो १९९० नंतर. जवळपास तीस वर्षं.

आणि मार्लिन. लिव्हरवाल्या रायफली. २००७ मध्ये रेमिंग्टनने कंपनी घ्यायचं ठरवलं, मग नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद करून काम इलियनला नेलं, आणि नंतरच्या मालाबद्दल इतक्या तक्रारी की लोक त्याला "रेमलिन" म्हणायला लागले. जुन्या नळीवर "जेएम" शिक्का असायचा, तो बघून लोक घ्यायचे. २०२० ला रेमिंग्टनचं दिवाळं निघालं तेव्हा रूगरने मार्लिन घेतली आणि २०२१ च्या शेवटी पहिल्या रायफली बाहेर काढल्या, त्यांच्या मेयोडनच्या कारखान्यातून. शिक्का मार्लिनचा, मशीन वेगळी, माणसं वेगळी.

म्हणजे नावावर राग धरायचा तर तो नक्की कुणावर? हे ऐकून पटलं, पण पूर्ण नाही. माझ्या ११ आठवड्यांच्या चिठ्ठीवर नावच होतं, कारखाना नव्हता.

२० सप्टेंबर, किट आला, आणि त्यात एक तुकडा जास्तीचा

ओ-रिंगा सात, पिस्टनची प्लॅस्टिक सीट एक, आणि एक छोटी खरबरीत चकती, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, तपकिरी. कागदावर नुसतं "फिल्टर" आणि ती कुठे बसवायची ते चित्र. माझ्या रायफलच्या माहितीपुस्तकात रेग्युलेटरच्या चित्रात हा तुकडाच नाहीये. दोनदा बघितलं.

२१ सप्टेंबर, रेग्युलेटर उघडला

आधी हे वाचा: सिलिंडर काढायचा, मग रिकामे शॉट मारून आतली सगळी हवा काढायची, मग आणखी दोन मारायचे, मगच पाना लावायचा. आत ७०-८० बार राहिले असतील तर ते झाकण गोळीसारखं जातं.

उघडलं. आणि पहिली चूक तिथेच, फोटो काढला नाही. आत दांडीवर बशीसारखे वॉशर असतात, एकावर एक, एक उपडा एक उताणा असे. दांडी जराशी तिरकी झाली आणि सगळे टेबलावर. मोजले, तेरा. पुस्तकात चौदा. चाळीस मिनिटं टेबलाखाली चुंबक घेऊन रांगत होते. चौदावा सापडला, आणि गेल्या वर्षी हरवलेला साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, स्क्रूही सापडला, तेवढाच फायदा.

मग पिस्टनची सीट भिंगाखाली धरली. पांढरं प्लॅस्टिक, त्यावर पितळी कडेने उमटवलेलं गोल वळ, अगदी कंपासने काढल्यासारखं. घड्याळात चार वाजतात त्या जागी वळ तुटलेलं. तिथे एक केस. टाचणीने हलवला तर केस नाही, धातूचा किस होता, गुंडाळी झालेला, पिवळा. प्लॅस्टिकमध्ये अर्धा रुतलेला. एवढ्याशा फटीतून रात्रभर हवा झिरपत होती.

पिवळा म्हणजे पितळ. कागदावर काढून ठेवला आणि आता सापडलात म्हटलं, कारखान्यातून नीट साफ न करता पाठवली. रेग्युलेटरची ती कड पितळी आहेच. पण कड भिंगाखाली बघितली तर गुळगुळीत, कुठेही सोललेली नाही. बाकी बॉडी ॲल्युमिनियम, दांडी स्टील. मग पितळ आलं कुठून?

अर्धा तास बसून होते. मग आठवलं, हवा भरायचा ॲडॅप्टर. क्लबचा, पितळी. दिवा लावून त्याचे आटे बघितले, पहिले दोन आटे सुरीच्या पात्यासारखे धारदार झालेले, बोटाने पुसलं तर पिवळी चमक बोटाला. दरवेळी सिलिंडर लावताना तो स्वतःला किसत होता आणि तो किस हवेबरोबर आत.

काकांची रायफल याच ॲडॅप्टरने भरलेली. आणि माझी पहिलीही.

रात्री फार लिहवत नाही. पहिलीत काय होतं ते आता कळणार नाही. सर्व्हिसवाल्यांनी उघडून किस पुसला असेल आणि "दोष नाही" लिहिलं असेल, किंवा उघडलीच नसेल. पण परत आल्यावर मी तिला पुन्हा त्याच ॲडॅप्टरला लावलं होतं.

२२ सप्टेंबर

जोडली, नवी सीट, नव्या रिंगा, फिल्टर. वेग १५८. अख्खी संध्याकाळ गेली. एक वॉशर उलटा बसवला होता, दोन बशा एकात एक बसल्या की चवड उंचीला कमी भरते आणि रेग्युलेटर कमी प्रेशरलाच बंद होतो. परत सगळं उघडा. या वेळी फोटो काढले, प्रत्येक पायरीचे, ओ-रिंगेचे सुद्धा.

२४ सप्टेंबर

रात्रभर ठेवून सकाळी: १७३.१, १७२.४, १७२.०, १७२.५. आठ मिनिटं थांबून १७२.३.

फिल्टरबद्दल विचार करतेय. त्यांना कळलं होतं. कुणाच्या ना कुणाच्या रायफलमध्ये किस जातोय हे त्यांना कळलं, म्हणून तर चकती किटमध्ये आली. पण ज्यांच्याकडे बिनचकतीच्या रायफली आहेत त्यांना कुणी एक ओळ लिहिली नाही. सुधारणा केली ही गोष्ट त्यांच्या बाजूची, गुपचूप केली ही माझ्या बाजूची.

२८ सप्टेंबर, ग्रुप

रायफल शिकंज्यात लावून १० मीटरवर, दहा-दहा शॉट एकाच भोकात, त्या भोकाचा पसारा म्हणजे ग्रुप. तीन शॉटचा ग्रुप बघून खूश व्हायचं नाही, तीन कुणाचेही जमतात, शॉट वाढले की ग्रुप पसरतोच. पहिल्या रायफलच्या वेळी मी तीन-तीन मारून पेलेट निवडले होते, म्हणजे चक्क चिठ्ठ्या टाकून निवडले होते असं म्हणायला हरकत नाही.

पहिले तीन ग्रुप भयानक, ११ मिमी, ११.५, १०.८, भोकाच्या बाहेरच्या कडा धरून. तीस पेलेट फुकट. शिकंजा सिलिंडरवर आवळला होता. सिलिंडर दाबला की सगळंच ओढलं जातं. पकड स्टॉकवर घेतली.

मग ४.४९ चे पेलेट ८.९, ४.५० चे ७.६, ४.५१ चे ७.१. शेवटचे परत दोनदा मारले, ७.३ आणि ७.९. पेलेट स्वतःच ४.५ चं, म्हणजे मध्य ते मध्य तीन मिमीच्या आसपास. नळीबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती आणि आजही नाही.

३ ऑक्टोबर, ट्रिगर

याला मी जास्त घाबरून होते. सुरुवातीलाच ट्रिगरच्या समायोजनाच्या तिन्ही स्क्रूंवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली होती, स्क्रूवरून सरळ बॉडीवर. वजन लावून दहा वेळा मोजलं, दुसरी स्टेज ९२ ते ९७ ग्रॅम. रिकामी रायफल, नळी सुरक्षित दिशेला, दस्ता रबरावर आपटून बघितला, सुटत नाही.

आज सुमारे ९०० शॉट झाल्यावर भिंगातून रेघा बघितल्या. दोन जागेवर. तिसरी, दुसऱ्या स्टेजच्या स्क्रूवरची, सरकलेली. फार नाही, घड्याळाचा मिनिट काटा एक मिनिट सरकेल तेवढी. पण सरकलेली.

म्हणजे ४१वा शॉट माझी कल्पना नव्हती. हा दोष त्यांचा, दोन मॉडेलं झाली तरी तसाच, आणि याला ॲडॅप्टर जबाबदार नाही. इतकं बरं वाटलं लिहिताना की स्वतःचीच लाज वाटली.

उपाय साधा, स्क्रू काढून आटे पुसून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, जे नंतर हाताच्या पान्याने सुटतं ते. पण किती लावायचं? काकांनी इथे हात धरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते, मे २००६ पासून बनलेले सगळे, कारण काही ट्रिगरमध्ये जोडणीच्या वेळी चिकटवायचं द्रव्य जास्त पडलं होतं आणि त्यामुळे रायफल आपोआप सुटू शकत होती. तिथे तर खरी काडतुसं. तर टाचणीच्या टोकावर थेंब घेऊन एका आट्याला स्पर्श, बाकी पुसून टाकायचं, आणि २४ तास हात लावायचा नाही. मी १४ तासांनी लावला. परत पुसा, परत लावा, परत २४ तास.

९ ऑक्टोबर

साइट: वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आला तिथेच. पुढे.

रेघ तपासली, आणखी ४०० शॉटनंतर जागेवर. सिलिंडरचं वजन आठवडाभरात ०.३ ग्रॅमने कमी, म्हणजे साधारण एक बार. चालेल.

१२ ऑक्टोबर, पूर्ण मॅच

१५ मिनिटं साइटिंग, मग ७५ मिनिटांत ६० शॉट, घड्याळ लावून. मुद्दाम दोनदा पाच-पाच मिनिटं उठून बसले, त्यानंतरचे शॉट १०.४ आणि १०.२. एकूण ६१८.४. क्लबच्या रायफलने माझं ६१४ ते ६१६ होतं, पण एका मॅचवरून काही म्हणणार नाही, त्या दिवशी झोपही चांगली झाली होती.

१४ ऑक्टोबर, मुदत संपली

हिशोब: पेलेटचे चार डबे म्हणजे २०००, त्यातले साठेक उरलेत. वेळ ३७ तास, त्यातले ११ माझ्या चुकांपायी, वॉशर, उलटा वॉशर, शिकंजा, थ्रेडलॉकर आणि तो एक मेसेज. किटचा खर्च मागच्या वेळच्या सर्व्हिसच्या एक चतुर्थांशाहूनही कमी.

ठेवतेय.

पण कुणी मला विचारलं की या कंपनीची घेऊ का, तर मी हो म्हणणार नाही. नळी आणि स्टॉक, डोळे झाकून. रेग्युलेटर, फिल्टर आहे का ते उघडून बघितल्यावर. ट्रिगर, स्वतः रेघ ओढून. सर्व्हिस एकदा वेळेवर आली, एकदाच. झाकणातला कागद काढला नाही, आज त्यावर तारीख टाकली आणि पुढच्या ऑक्टोबरची दुसरी.

काका पैसे मोजताना म्हणाले, "मग, तिसऱ्यांदा फसलीस तर?" म्हटलं, "तर तुमच्याच दारात आणून टाकीन." हसले. क्लबचा जुना ॲडॅप्टर आम्ही दोघांनी मिळून आटे हातोडीने ठोकून टाकून दिला, नाहीतर कुणीतरी परत कपाटातून काढला असता.

संध्याकाळी पहिली रायफल ज्याला विकली होती त्याला फोन केला. पहिला शॉट वर जातो का विचारलं. म्हणाला, "जातो ना ताई, म्हणून मी आधी दोन मातीत मारतो, मला वाटलं सगळ्यांच्याच अशा असतात." रविवारी घेऊन येतो म्हणालाय. किट मागवलाय, या वेळी फिल्टर आहे का ते आधीच विचारून.